आपल्याला दिसावे, आपण दिसावे



भात कापून शेतात पडलेले असावे आणि तिसऱ्या प्रहरी प्रतापगडाच्या अंगाला काळे ढग जमू लागावेत, याहून वाईट वेळ आपल्या भागातल्या शेतकऱ्यावर येत नाही. परतीचा पाऊस पंचांग विचारून येत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्याचा भरवसा नसतो, आणि नेमका याच दिवसांत दिवसही आखडत जातो. सहा वाजले की दिवेलागण होते. त्यातून माणसांची वानवा. घरची तरणी पोरे मुंबईला, नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. ती संध्याकाळी घरी परततात तेव्हा कुठे भारे उचलायला चार हात मिळतात. म्हणून ट्रॉली भरण्याचे काम हटकून रात्रीवर जाते. हे चुकणारे नाही. तेव्हा रात्री काम करू नका असा कोरडा उपदेश मी करणार नाही. रात्रीचे काम उजेडात कसे करावे, एवढेच आज सांगणार आहे.

गेल्या वर्षी आश्विनात मी कशेडीच्या घाटाखाली एका वाडीत पाहुणा होतो. वाडीचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण ही गोष्ट तुमच्या-आमच्या कोणाच्याही वाडीत घडेल अशी आहे. दुपारी गडगडले आणि घरमालक म्हणाले, "काका, आज काही झाले तरी भारे खळ्यावर आणून उडवी रचलीच पाहिजे." ट्रॅक्टर भाड्याचा, ट्रॉली घरची. सातच्या सुमारास भरायला सुरुवात झाली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागच्या बाजूला नांगरणीचा एक दिवा होता, तो लावला. पण त्या दिव्याचा उजेड ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर आपटून तिथेच थांबला. मागे सगळा काळोख. मुलगा भाऱ्यांवर उभा राहून रचत होता, त्याने मोबाईल दातांत धरला होता. सूनबाई खालून भारे देत होत्या. म्हातारी आजी हातात बॅटरी घेऊन उभी, आणि ज्याने हाक मारली त्याच्याकडे ती झोत फिरवीत होती.

एक खाचर उरकले. ट्रॉली मागे घेऊन दुसऱ्या खाचराच्या बांधाला लावायची होती. मालकांनी ट्रॅक्टर चालू केला, मागे वळून पाहिले, काही दिसले नाही. काही दिसत नाही याचा अर्थ मागे काही नाही, असा आपण सगळेच घेतो. ट्रॉली हातभर मागे सरकली असेल नसेल, तोच आजी ओरडली, "अरे थांब! पोरगं कुठं हाय?"

पोरगे म्हणजे सात वर्षांचा नातू. दिवसभर हुंदडून दमला होता. ट्रॉलीच्या मागच्या चाकापाशी चार पेंढ्यांची गादी करून तो गाढ झोपला होता. आजीच्या बॅटरीचा झोत योगायोगाने तिकडे वळला म्हणून त्याचे पाय दिसले. चाक आणि पाय यांत वीतभर अंतर होते.

त्या रात्री पुढे कोणी फारसे बोलले नाही. भारे भरले, उडवी रचली, पाऊसही आला नाही. पण जेवायला बसल्यावर मालक ताटावरच थांबले आणि मला म्हणाले, "काका, उद्या सकाळी या ट्रॉलीला दिवे करू. काय काय आणू ते सांगा." मी जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांसाठी लिहितो आहे.

दिवे दोन कामांचे

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या. ट्रॉलीला दोन प्रकारचे दिवे लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. एक दिवा आपल्याला दिसावे म्हणून. तो पांढरा, कामाचा, भरताना-उतरवताना लावायचा. दुसरा दिवा आपण दिसावे म्हणून. तो लाल, मागच्या बाजूचा, रस्त्यावर लागायचा. पहिला नसला तर काम अडते, म्हणून त्याची आठवण आपल्याला रोज होते. दुसरा नसला तर काहीच अडत नाही. ट्रॉली चालते, माल घरी पोहोचतो. एक दिवस मात्र पोहोचत नाही. म्हणून बाजारात जाल तेव्हा पैसे आधी लाल दिव्यावर खर्च करा, उरलेल्यात पांढरा बसवा.

एलईडीच का?

तुमच्या घरातला बल्ब आता बहुतेक एलईडीचा असेल. २०१५ साली केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि हे दिवे स्वस्त होऊन खेडोपाडी पोहोचले. लाल रंगाचा एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला होता. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो चांगल्या उजेडाचा साधायला पुढची तीस वर्षे गेली. ते काम अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी केले. त्याबद्दल त्यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या ट्रॉलीवरचा दिवा एवढ्या लांबून चालत आला आहे.

आता आपल्या कामाचा हिशेब. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, साधारण ७५ ते ९० अँपिअर-अवरची असते. जुन्या पद्धतीचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे लावले तर ११० वॉट होतात. ११० ला १२ ने भागा, सव्वानऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह आला. इंजिन बंद ठेवून चार तास भरणी चालली, तर बॅटरीतून सुमारे ३७ अँपिअर-अवर गेले, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी संपली. बॅटरी जुनी असेल तर मध्यरात्री सेल्फ मारताना नुसती कुरकुर ऐकू येईल. मग ढकला ट्रॅक्टर, तेही भरल्या ट्रॉलीसकट.

त्याऐवजी १८ वॉटचे दोन एलईडी लावा. ३६ भागिले १२, म्हणजे ३ अँपिअर. चार तासांत १२ अँपिअर-अवर. उजेड साधारण तेवढाच आणि बॅटरीवर एक तृतीयांशच भार. दिव्यासाठी इंजिन चालू ठेवायला नको, डिझेल वाचते. माझ्या मते याहून मोठा फायदा दुसराच आहे. इंजिन बंद असले की हाक ऐकू येते. त्या रात्री आजी ओरडली ती ट्रॅक्टर नुकताच चालू झाला होता म्हणून ऐकू आली. इंजिन मोठ्याने फिरत असते तर?

तिसरी गोष्ट आगीची. हॅलोजनची काच इतकी तापते की वाळलेला पेंढा तिला टेकला तर धुमसू शकतो. एलईडी त्या मानाने थंड. पण अगदी थंड असतो असेही समजू नका. त्याच्या पाठीमागे धातूच्या पाकळ्या असतात, त्यातून उष्णता बाहेर जाते. त्या पाकळ्या उघड्या ठेवा, पेंढ्यात दाबू नका.

दिवा घेताना डब्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे पाहा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ असेल तर धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. ६७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडला तरी चालतो. आपल्या पावसाला ६७ घ्यावा. आणखी एक, लख्ख निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळसर उजेडावर किडे कमी येतात. भाताच्या दिवसांत भाऱ्यांवर उभे असणाऱ्याच्या डोळ्यांत-नाकात किडे जातात, त्याला विचारा या गोष्टीची किंमत.

दिवा कुठे बसवावा?

एकच मोठा दिवा बसवण्याचा मोह टाळा. एका दिव्याने काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातापुढे पडते. दोन लहान दिवे दोन कोपऱ्यांना असले की एकाची सावली दुसरा पुसतो.

ट्रॉलीच्या पुढच्या फळीच्या दोन टोकांना दिवे बसवले तर रिकाम्या ट्रॉलीत छान उजेड पडतो. पण भारे चढत गेले की दिवे त्यांच्याआड गडप होतात. म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा उभा वेल्ड करून घ्या. त्यात मावेल असा दुसरा पाइप घालून त्याच्या डोक्यावर दिवा बसवा. भारे वाढतील तसा आतला पाइप वर ओढायचा आणि आडवी खीळ घालायची. रस्त्यावर निघताना तो खाली दाबून ठेवायचा, म्हणजे फांद्यांना आणि तारांना अडकणार नाही. दिव्याचे तोंड खाली जमिनीकडे असावे. सरळ समोर ठेवले तर खालून भारा देणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दिपलेल्या डोळ्यांना काळोखापेक्षाही कमी दिसते.

याखेरीज दोन लहान दिवे हवेत. एक मागच्या फाळक्याखाली, चाकांमागची जमीन दिसेल असा. ज्या जागी तो नातू झोपला होता ती जागा यात येते. दुसरा पुढे दांडीपाशी, ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडण्याच्या पिनेवर. अंधारात पिन घालताना माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधे उभा राहतो. चालवणाऱ्याला तो दिसत नाही, नुसता 'येऊ दे, येऊ दे' असा आवाज येतो. किती बोटे आणि किती पाय या जागी गेले असतील! तिथे ५ वॉटचा दिवा पुरे. दिवा असला तरी मधे उभे राहू नका. बाजूला उभे राहून सांगा, ट्रॅक्टर पूर्ण थांबला, ब्रेक लागला की मगच पुढे होऊन पिन घाला.

वायरची वाट

दिवा चांगला आणि वायर ढिली असे आपल्याकडे फार चालते. दिवे नादुरुस्त होतात ते बहुतेक वायरमुळे. पाच गोष्टी पाळा.

१. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवा. ३ अँपिअरच्या दिव्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. दोन लहान दिवेही त्याच वायरवर घेतले तर साडेसात अँपिअरचा घ्या. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटची चांदी गुंडाळू नका. वायर कुठे घासली आहे ते शोधा. वर वाळला पेंढा आणि खाली तापलेली वायर, याचा अर्थ सांगायला नको.

२. परतीची वायर वेगळी ओढा. पुष्कळ ठिकाणी एकच वायर ट्रॉलीला नेतात आणि परतीचा प्रवाह लोखंडातून, म्हणजे दांडी-पिनेतून येईल यावर सोडून देतात. पण पिनेला ग्रीस असते, गंज असतो, ती खड्ड्यात हलते. मग दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. याची खूण सांगतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरचा पिवळा दिवा मंद लुकलुकू लागला, किंवा एक दिवा लावल्यावर दुसराच मिणमिणला, तर दिवे बदलू नका. परतीची वायर बिघडली आहे असे समजा.

३. जोडणीला सात पिनांचे सॉकेट वापरा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत रंग ठरलेले आहेत. पांढरी वायर परतीची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, तांबडी ब्रेकच्या दिव्याची, तपकिरी आणि काळी मागच्या उजव्या-डाव्या लाल दिव्यांची. निळी बहुधा मोकळी असते, ती स्वतंत्र बटण आणि फ्यूज देऊन कामाच्या दिव्याला घेता येते. पण आपल्याकडे कोणी कोणत्या रंगाची वायर कुठे जोडली असेल याचा नेम नाही. रंगावर विसंबू नका, चाचणीचा दिवा लावून प्रत्येक पिन तपासा.

४. वायर उघडी लोंबू देऊ नका. ठिबकचा जुना १६ मिलिमीटरचा पाइप असेल तर त्यातून वायर ओवून चॅनेलच्या आतल्या बाजूने पट्ट्यांनी बांधा. घासणे टळते आणि उंदीरही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

५. एलईडीला धन-ऋण कळते. उलटा जोडला तर तो लागत नाही. दिवा खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी वायर उलटून पाहा. इंडिकेटरला एलईडी घातल्यावर तो भराभर लुकलुकू लागला तर घाबरू नका. जुन्या फ्लॅशरला एवढा कमी भार समजत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की झाले.

पॉवर टिलरवाल्यांसाठी

डोंगरउताराच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर फिरत नाही, तिथे पॉवर टिलर आणि छोटी ट्रॉली असते. हाताने चालू करायच्या टिलरला बॅटरी नसते. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. तुमच्या घरी बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप असेल. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. १८ वॉटच्या एका दिव्याला दीड अँपिअर लागतो. बॅटरी पार निचरू द्यायची नाही हे धरून तीन-साडेतीन तास उजेड मिळतो. फ्यूज मात्र इथेही हवाच. आणि काम झाल्यावर रात्रीच चार्जिंगला लावा, नाहीतर सकाळी फवारणीच्या वेळी घरात बोलणी खावी लागतील.

आता रस्त्याकडे

ट्रॉली भरली, दोर आवळले, आता ती शेतातून रस्त्याला लागते. मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूर सोडून खेडच्या अंगाला कशेडीचा घाट चढतो. २०२३ च्या गणेशोत्सवात बोगद्यातून लहान गाड्या पहिल्यांदा सुटल्या. पण आपल्या शेतांची आणि वाड्यांची वाट घाटाच्याच कडेकडेने आहे. तिथे वळणे, झाडी, पहाटेचे धुके आणि आपली ट्रॉली बैलगाडीच्या चालीने चढणारी.

मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या जागी क्षणभर बसून पाहा. तो ताशी ५० किलोमीटरने येतो आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोरून गाडी येते म्हणून त्याने दिवे खाली झुकवले आहेत. त्या उजेडात त्याला चाळीसेक मीटर दिसते. मातीच्या रंगाची, पेंढ्याने भरलेली, बिनदिव्याची ट्रॉली दिसल्यापासून तिच्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या हातात तीन सेकंदही नसतात. भरलेला ट्रक तेवढ्यात थांबत नाही. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. १५५ मीटर म्हणजे त्याच ट्रकवाल्याला अकरा सेकंद. तीन सेकंद आणि अकरा सेकंद, एवढाच तो फरक. तेवढ्या फरकात दोन घरे वाचतात, आपले एक आणि ट्रकवाल्याचे एक.

त्याच नियमांचे दुसरे अंग लक्षात ठेवा. मागच्या बाजूला लाल उजेडच दिसला पाहिजे. इंडिकेटर, नंबरपाटीचा दिवा, मागे घेतानाचा दिवा असे काही त्याला अपवाद आहेत. कामाचे पांढरे दिवे चालू ठेवून रस्त्यावर आलात तर मागच्याला ते समोरून येणाऱ्या गाडीचे वाटतात आणि त्याचे डोळेही दिपतात. म्हणून कामाच्या दिव्यांचे बटण चालवणाऱ्याच्या हाताशी असावे आणि ते चालू असल्याची खूण दाखवणारा बारीक लाल ठिपका त्याच्यासमोर असावा. शेताच्या बांधावरून चाक रस्त्याला लागले की पांढरा बंद.

आता एक अडचण. पेंढा ट्रॉलीच्या मागे हात-दोन हात लोंबतो आणि फाळक्यावरचे लाल दिवे त्याखाली झाकून जातात. दिवा लागलेला, पण दिसत नाही! यावर उपाय होडीवाल्यांकडून घ्यावा. परदेशांत मोटारीमागे चाकांच्या गाड्यावरून होड्या नेतात. होडी पाण्यात सोडताना गाडाच मागे पाण्यात उतरवतात. पुष्कळ ठिकाणी अशा गाड्याचे दिवे एका सुट्या फळीवर बसवतात. रस्त्यावर ती फळी होडीच्या अगदी मागच्या टोकाला बांधायची, म्हणजे माल कितीही बाहेर आला तरी दिवे सगळ्यांच्या मागे. पाण्याशी पोहोचले की सॉकेट काढायचे, फळी सोडून ठेवायची आणि मग गाडा पाण्यात.

आपणही तसेच करावे. ट्रॉलीच्या रुंदीची एक फळी घ्या, तिच्या दोन टोकांना लाल दिवे, इंडिकेटर आणि लाल परावर्तक लावा, चार मीटर वायर मोकळी ठेवा. भारे दोराने आवळून झाले की ही फळी त्याच दोराला सर्वांत मागे बांधा. घरी आल्यावर सोडून पडवीत टांगा. ट्रॉली उन्हापावसात उभी राहिली तरी दिवे कोरडे राहतात.

होडीचे नाव निघाले म्हणून मनातले बोलतो. २२ जुलै २०२१ ला सावित्रीला पूर आला आणि महाड शहर पाण्यात गेले, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. ती आठवण आपल्या भागात अजून ओली आहे. पुरात बचाव पथकांच्या होड्या फिरल्या. असा प्रसंग पुन्हा न येवो. पण आला, आणि रात्री एखादी होडी वाहनावरून पाण्याच्या काठापर्यंत न्यायची वेळ आली, तर गावात उजेडाची ट्रॉली असणे हा मोठा आधार आहे. तेव्हा एवढे लक्षात ठेवा. बल्बचे जुने दिवे तापलेले असताना पाण्यात बुडाले की तडकतात, म्हणून पाण्याजवळ आधी जोडणी काढायची. एलईडीचे दिवे ६७ चे असले तरी सॉकेट पाण्यात बुडू द्यायचे नाही. आणि चाकांना दगडाची उटी लावल्याशिवाय काठाच्या उतारावर ट्रॉली उभी करायची नाही.

दिव्यापेक्षा मोठी शिस्त

दिवे आले की माणूस निर्धास्त होतो, ही त्यातली मेख आहे. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून चार गोष्टी ठरवा. भरणी चालू असताना मुलांची एकच जागा, बांधावरची, आणि तिथे एक मोठे माणूस. ट्रॉली मागे घेण्याआधी चालवणाऱ्याने खाली उतरून एक फेरी मारायची, दिवा असला तरी. खूण करणारा एकच, दहाजणांनी 'येऊ दे' म्हणायचे नाही. आणि भरल्या ट्रॉलीवर रस्त्याने कोणीही बसायचे नाही, सूनबाई नाही, पोरे नाहीत.

पावसाळ्यात ट्रॉली चार महिने उभी असते. तेव्हा सॉकेटच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावा आणि त्याचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खाली लोंबते ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. ट्रॉलीला कुठे वेल्डिंग करायचे असेल तर आधी दिव्यांची जोडणी आणि बॅटरीचे टोक काढा, नाहीतर वेल्डिंगच्या प्रवाहाने एलईडी जळतात. भातकापणीच्या आधी एका रविवारी मुलांना ट्रॉलीमागे उभे करा. तुम्ही बटणे दाबा आणि त्यांनी ओरडून सांगावे, 'लाल लागला, पिवळा लागला, ब्रेक लागला.' मुलांना हा खेळ आवडतो आणि दिव्यांची तपासणी फुकटात होते.

त्या वाडीतल्या मालकांनी दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या बाजारातून सामान आणले. दोन दिवस आम्ही दोघे त्यामागे होतो. तिसऱ्या रात्री शेवटच्या खाचराचे भारे भरले. ट्रॉलीभोवती असा उजेड पडला होता की खाली सांडलेली लोंबीसुद्धा दिसत होती. मुलाच्या दातांतला मोबाईल खिशात गेला. आजीच्या हातात बॅटरी नव्हती, तरी ती आपल्या जागेवर उभीच होती. मी म्हटले, "आजी, आता बसा की. आता सगळं दिसतंय." ती म्हणाली, "दिसतंय रे. पण मोजायला माणूस लागतं." आणि तिने नातवाला हाक मारली. तो बांधावर बसला होता, त्याने 'ओ' दिली. मगच ट्रॉली मागे सरकली.

तुमच्या ट्रॉलीला दिवे नसतील तर कापणीच्या आधी बसवा. आणि बसवल्यावरही, आजीसारखे एकदा मोजून घ्या.